बाजरीचं शास्त्रीय नाव इतक्यांदा का बदललं?

बाजरीवरचं जुनं-नवं लिखाण एकत्र वाचायला घेतलं की पहिला अडथळा नावाचाच येतो. इंग्रज अमदानीतल्या वनस्पतिग्रंथांत ती 'पेनिसेटम टायफॉइडियम' आहे. 1960 च्या दशकातल्या शोधनिबंधांत 'पेनिसेटम टायफॉइडीज', 1980 च्या आसपास 'पेनिसेटम अमेरिकॅनम', आजच्या बहुतेक कृषी पुस्तिकांत 'पेनिसेटम ग्लॉकम', आणि लंडनच्या क्यू उद्यानाच्या जागतिक वनस्पतियादीत 'सेंक्रस अमेरिकॅनस'. पीक एकच. धुळे, नगर, बीडच्या हलक्या जमिनीत पावसाच्या भरवशावर उभं राहणारं.

कृषी शाखेचा विद्यार्थी यातलं एक नाव परीक्षेसाठी पाठ करतो आणि पुढे कामाला लागल्यावर दुसरंच नाव समोर येतं. वैताग येणं साहजिक आहे. पण यातला एकही बदल कुणाला लहर आली म्हणून झालेला नाही. प्रत्येकामागे कारण आहे, आणि ती कारणं समजून घेताना बाजरीबद्दलच खूप काही कळतं: ती मूळची कुठली, तिचे जवळचे नातलग कोण, हायब्रिड नेपियर या चाऱ्याच्या गवताला बी का धरत नाही. म्हणून ही हकीकत नीट सांगण्यासारखी आहे.

सुरुवातीला दोन कामं वेगळी ओळखायला हवीत, कारण सगळा गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्यानं होतो. एक काम वर्गीकरणाचं. कुठलं झाड कुणाच्या जवळचं, कुणाला एका गटात धरायचं, कुणाला वेगळं काढायचं, हा झाडांचा अभ्यास आहे. दुसरं काम नामकरणाचं. गट ठरल्यावर त्याला कायदेशीर नाव कोणतं, हा जुन्या कागदांचा अभ्यास आहे: कुणी, कोणत्या साली, कोणता नमुना समोर ठेवून नाव छापलं. बाजरीचं नाव दोन्ही कारणांनी बदललं आहे. कधी झाडांबद्दलची समज बदलली, कधी जुन्या कागदाचा अर्थ नव्यानं लागला.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. 'पेनिसेटम' ही प्रजाती, म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट, आणि 'ग्लॉकम' ही त्यातली एक जात. शेतकरी ज्याला वाण म्हणतात ते याच्याही खालचं. या लेखाचा खरा विषय प्रजातीचा आहे, कारण सगळ्यात मोठी उलथापालथ तिथं झाली. पण त्याआधी जातीच्या नावाचा तिढा पाहू.

वनस्पतींच्या नावांचा हिशेब 1753 पासून धरतात. त्या साली स्वीडनच्या कार्ल लिनियसचा 'स्पीशीज प्लान्टारम' हा ग्रंथ निघाला आणि त्यात त्याला माहीत असलेल्या सगळ्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं मिळाली. त्याआधीची नावं कितीही जुनी असली तरी विचारात घ्यायची नाहीत, आणि त्यानंतरच्या नावांत जे आधी नियमाप्रमाणे छापलं गेलं ते खरं, असा आजचा नियम आहे. म्हणजे बाजरीचं नाव शोधायचं तर लिनियसच्या ग्रंथापासूनच सुरुवात करावी लागते.

तिथंच अडचण आहे. लिनियसनं बाजरी स्वतः शेतात पाहिली नव्हती. त्याच्याकडे होती ती दुसऱ्यांनी पाठवलेली वाळवलेली झाडं, चित्रं आणि जुनी वर्णनं. त्यामुळे एकच पीक त्याच्या ग्रंथात एकापेक्षा जास्त ठिकाणी, वेगवेगळ्या नावांनी आलं. एक नाव 'पॅनिकम अमेरिकॅनम'. युरोपातल्या जुन्या वनस्पतिग्रंथकारांनी या धान्याला अमेरिकेचं मानलं होतं आणि ती समजूत नावात उतरली. दुसरं 'पॅनिकम ग्लॉकम', जे त्यानं श्रीलंकेच्या वनस्पतींवरून घेतलं. डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य पॉल हर्मान यानं सतराव्या शतकात श्रीलंकेत झाडं गोळा करून ठेवली होती. तो संग्रह पुढे लिनियसच्या हाती पडला आणि त्यावर त्यानं 1747 साली श्रीलंकेच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. 'ग्लॉकम'ची मुळं तिथं आहेत. पुढे 1759 साली लिनियसनं बाजरीला आणखी एक नाव दिलं, 'होल्कस स्पायकेटस', म्हणजे तिला ज्वारीच्या रांगेत नेऊन बसवलं. ज्वारीलाही तो तेव्हा होल्कसच म्हणत होता.

आता पुढच्या पिढीचं काम पाहा. 1805 साली पर्सून याच्या ग्रंथात लुई क्लोद रिशार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं 'पेनिसेटम' ही नवी प्रजाती मांडली. पॅनिकम आणि होल्कस या लिनियसच्या पोतडीवजा प्रजातींमधून कणसात केसांचे झुपके असलेली गवतं त्यानं वेगळी काढली, हे उत्तमच झालं. बाजरीला त्यानं 'पेनिसेटम टायफॉइडियम' म्हटलं. पण तिला आधीच लिनियसनं दिलेलं जातिनाम होतं, ते न वापरता नवं घडवायचा अधिकार आजच्या नियमानं त्याला नव्हता. त्या काळी असे पक्के नियमच नव्हते. आंतरराष्ट्रीय नियमावली 1905 च्या व्हिएन्ना परिषदेत ठरली. तोवर ज्याला जे नाव बरं वाटलं ते त्यानं दिलं. 1809 मध्ये जर्मनीच्या विल्डेनोनं तर बाजरीसाठी 'पेनिसिलारिया' अशी आख्खी वेगळी प्रजाती काढली. रिशारचं 'टायफॉइडियम' मात्र टिकलं. जोसेफ हुकरनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींच्या ग्रंथात तेच घेतलं, आणि त्या ग्रंथाचा आपल्याकडे इतका प्रभाव होता की पुढची कित्येक वर्षं भारतीय शेतीच्या लिखाणात तेच चाललं.

'ग्लॉकम'चं दरम्यान काय झालं? ते भलत्याच गवताला चिकटलं. राळ्याच्या प्रजातीत एक तण आहे. पिवळट केसांचं, बोटभर लांबीचं, शेपटीसारखं कणीस येणारं, जगभर शेताच्या बांधावर सापडणारं. 1810 मध्ये रॉबर्ट ब्राऊननं आणि 1812 मध्ये पॅलिसो द बोव्हानं लिनियसचं 'पॅनिकम ग्लॉकम' आपापल्या प्रजातीत हलवलं, आणि त्यानंतर शंभर वर्षं सगळे या तणालाच 'सेटारिया ग्लॉका' म्हणत राहिले. लिनियसच्या मनात मुळात कुठलं गवत होतं, हे तपासायची गरज कुणाला वाटली नाही.

ते तपासलं अ‍ॅग्नेस चेस यांनी. त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 1869 साली जन्मलेल्या या बाईंनी कॉलेजची पदवी घेतलेली नव्हती. वनस्पतींची चित्रं काढता काढता त्या गवतांच्या अभ्यासाकडे वळल्या आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जगातल्या आघाडीच्या गवततज्ज्ञ झाल्या. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या आंदोलनात त्या तुरुंगात गेल्या. ब्राझीलमध्ये गवतं गोळा करत हिंडल्या. 1921 साली त्यांनी लिनियसची बाजरी नेमकी कुठली, या एकाच प्रश्नावर लेख लिहिला. लिनियसनं 1753 मध्ये दिलेले संदर्भ एकेक करून मागे नेत त्यांनी दाखवून दिलं, की 'पॅनिकम ग्लॉकम' हे नाव श्रीलंकेच्या ज्या झाडावर बेतलेलं आहे ती बाजरी आहे, राळ्याच्या कुळीतलं तण नव्हे. म्हणजे बाजरी 'पेनिसेटम ग्लॉकम' ठरते, आणि त्या तणाला दुसरं नाव शोधावं लागतं. आज त्याला 'सेटारिया पुमिला' म्हणतात.

अमेरिकनांनी हे मानलं, इंग्रजांनी मानलं नाही. क्यूच्या ओटो स्टाफ आणि चार्ल्स हबर्ड यांनी 1933 मध्ये 'पेनिसेटम टायफॉइडीज' असं नाव रूढ केलं. हे रिशारच्या नावावरून नव्हे, तर बर्मन यानं 1768 मध्ये दिलेल्या एका नावावरून. भारत क्यूच्या परंपरेतला असल्यामुळे आपल्याकडे 'टायफॉइडीज' आलं. नॉर्मन बोर या वनाधिकाऱ्याचा भारतीय गवतांवरचा 1960 चा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो, त्यातही तेच. 1965 मध्ये पंजाबात तयार झालेल्या एचबी-1 या देशातल्या पहिल्या संकरित बाजरीवरचं लिखाणही त्याच नावाखाली आहे.

1976 मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड टेरेलनं पुन्हा सगळे कागद काढले आणि 'अमेरिकॅनम' बरोबर, असा निर्वाळा दिला. तेव्हापासून दहाएक वर्षं जगभरात 'पेनिसेटम अमेरिकॅनम' चाललं, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या अहवालांतही. मग 1980 च्या दशकात काटा परत 'ग्लॉकम'कडे झुकला. इथं एक बारीक नियम लक्षात घ्यायला हवा. 'अमेरिकॅनम' आणि 'ग्लॉकम' दोन्ही 1753 च्या एकाच ग्रंथातली, म्हणजे वयानं सारखी. अशा वेळी आधी-नंतरचा निकष लागू पडत नाही. दोन्ही एकच जात आहे असं ओळखून त्यातलं एक नाव ज्यानं पहिल्यांदा निवडलं, त्याची निवड पुढच्यांनी पाळायची असते. मग अशी निवड खरोखर पहिली कुणी केली, आणि दोन्ही नावांचे मूळ नमुने नेमके कुठल्या झाडाचे, यावर वाद होऊ शकतो, आणि झाला.

'अमेरिकॅनम' वाचून बाजरी अमेरिकेची असं कुणी समजू नये. ती आफ्रिकेची. सहाराच्या दक्षिण काठानं मॉरिटानियापासून सुदानपर्यंत जाणाऱ्या साहेल पट्ट्यात तिचे रानटी पूर्वज आजही उगवतात, आणि मालीतल्या टिलेम्सी खोऱ्यात इसवी सनापूर्वी सुमारे 2500 च्या काळातल्या माणसाळलेल्या बाजरीच्या खुणा सापडल्या आहेत. तिथून पुढच्या काही शतकांत ती भारतात पोचली. जर्मनीच्या पाउल लेकेनं 1907 साली बाजरीचं मूळ आफ्रिकेत असल्याचं सविस्तर मांडलं आणि त्याच कामात तिला 'पेनिसेटम अमेरिकॅनम' म्हटलं. नियमापुढे त्याचा नाइलाज होता. नावातला भूगोल चुकीचा आहे म्हणून नाव बाद करता येत नाही. हा नियम कठोर वाटतो, पण मला तो योग्य वाटतो. दर वेळी नव्या माहितीप्रमाणे नाव 'सुधारायचं' ठरवलं असतं तर आज पाच-सहा नव्हे, पन्नास नावं असती.

जातींच्या संख्येचाही एक टप्पा इथं येतो. स्टाफ आणि हबर्ड यांनी 1934 मध्ये उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेच्या वनस्पतिग्रंथात बाजरीचा गट मांडला तेव्हा नुसत्या लागवडीतल्या बाजरीच्याच तेरा जाती केल्या. कणीस लांब की आखूड, दाणा गोल की चपटा, केस किती, यावरून. शिवाय रानटी आणि तणवजा प्रकारांच्या वेगळ्या. पण शेतात चित्र निराळं होतं. पश्चिम आफ्रिकेत बाजरीच्या पिकात अर्धवट रानटी रोपं दर वर्षी उगवतात, तिथले शेतकरी त्यांना 'शिब्रा' म्हणतात. ती बाजरीशी सहज संकर पावतात आणि संकरातून आलेली रोपं चांगली बी धरतात. जिथं अशी सरमिसळ सतत चालू आहे तिथं तेरा जाती मानायला आधार उरत नाही. 1977 मध्ये ब्रुंकेन, द वेट आणि हार्लन यांनी हे सगळं एकाच जातीत आणलं. लागवडीची बाजरी, तिचा रानटी पूर्वज आणि शिब्रा या तीन उपजाती, आणि लागवडीच्या बाजरीचे दाण्याच्या आकारावरून चार वंश. मला हे काम या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात समंजस वाटतं, कारण त्यांनी कपाटातल्या वाळक्या नमुन्यांबरोबर शेतात काय घडतं तेही मोजलं.

आता प्रजातीकडे.

बाजरीचं कणीस हातात घेऊन मधला भाग बोटानं चोळा. दाणे झडतील आणि दांड्याला चिकटलेले बारीक देठ दिसतील. प्रत्येक देठाच्या टोकाला केसांचा एक लहानसा झुपका असतो, आणि त्या झुपक्याच्या आत फुलं, पुढे दाणा. साध्या भिंगानंही हे स्पष्ट दिसतं. काही वाणांत हे केस दाण्याच्या बाहेर चांगले लांब येतात. अशा कुसाच्या बाजरीवर पाखरं कमी बसतात म्हणून शेतकरी ती मुद्दाम ठेवतात. हे केस म्हणजे पानं नाहीत, फुलाचा भागही नाहीत. कणसाच्या ज्या बारीक फांद्यांवर फुलं यायची त्यांतल्या काही वांझ राहतात आणि केसासारख्या होतात. रानटी बाजरीत हा झुपका दाण्यासकट देठापासून तुटून पडतो आणि वाऱ्यानं, जनावरांच्या अंगाला लागून पसरतो. माणसानं निवड करत करत तो तुटणं बंद केलं, म्हणून तर कणीस कापून घरी आणता येतं.

अशीच केसांची वेढणी असलेली दुसरी प्रजाती लिनियसनं 1753 मध्येच केली होती: 'सेंक्रस'. तिच्यात केसांच्या जागी काटे. ते बुडाशी एकमेकांना जुळून कडक बोंड होतं आणि टोकं उलट्या दातऱ्यांची असतात. रेताड जमिनीतून चालताना धोतराला, पायजम्याला, मेंढीच्या लोकरीला चिकटतात आणि उपटायला गेलं तर बोटात रुततात. राजस्थानात याच प्रजातीतल्या एका गवताला भुरट म्हणतात आणि दुष्काळात त्याचं बी खातात.

टोकाची उदाहरणं घेतली तर फरक लख्ख आहे. बाजरीत मऊ, सुटे केस. भुरटात जुळलेले, कडक काटे. कुणीही यांना वेगळं काढेल. पण मधे अंजन गवत उभं आहे. अंजन म्हणजे इथं कोरडवाहू कुरणात लावतात ते चाऱ्याचं गवत, अंजन वृक्ष नव्हे. त्याच्या कणसातले केस मऊ, आतल्या बाजूचे पिसासारखे लव असलेले, पण अगदी बुडाशी एका लहानशा चकतीत जुळलेले. आता हे जुळणं 'जुळणं' मानायचं की नाही? लिनियसनं 1771 मध्ये मानलं आणि त्याला 'सेंक्रस सिलियारिस' म्हटलं. रिशारनं आणि हुकरनं मानलं नाही. हुकरच्या ग्रंथात अंजन 'पेनिसेटम सेंक्रॉइडीज' आहे. 1827 मध्ये जर्मनीच्या लिंकनं 'पेनिसेटम सिलियारे' केलं. बोरनं परत सेंक्रसमध्ये आणलं. पुढे अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी अंजनला पुन्हा बाहेर काढलं. परिणाम असा, की ऑस्ट्रेलियात ज्या गवतानं मूळच्या वनस्पतींना हटवलं ते 'सेंक्रस सिलियारिस' आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात ज्यानं वणव्यांचा धोका वाढवला ते 'पेनिसेटम सिलियारे'. दोन्ही ठिकाणी अंजनच. धामण या चाऱ्याच्या दुसऱ्या गवताचे केस अंजनपेक्षा थोडे अधिक जुळलेले, म्हणून ते बहुतेकांनी बिनतक्रार सेंक्रसमध्ये ठेवलं.

दीडशे-दोनशे वर्षं ज्या गवतावर तज्ज्ञांचं एकमत होत नाही, तिथं चूक तज्ज्ञांची नसून रेघेची असण्याची शक्यता जास्त. केस जुळणं हे लक्षण सुटं ते पूर्ण जुळलेलं असं पायरी-पायरीनं बदलत जातं. त्यावर कुठंही रेघ मारली तरी ती मनमानीच.

केस सोडून दुसरा पुरावा हवा होता, तो डीएनएनं दिला. 2009 आणि 2010 मध्ये अर्जेंटिनातल्या डार्विनियन वनस्पतिसंस्थेच्या गटानं पेनिसेटम आणि सेंक्रसच्या अनेक जातींचे हरितद्रव्यकणांतले आणि पेशीकेंद्रातले डीएनएचे तुकडे वाचले, त्याला बाह्य लक्षणांची जोड दिली आणि वंशवृक्ष काढला. त्यात अमेलिया केमिस्की, ओस्वाल्डो मोरोने यांच्यासह अमेरिकेच्या एलिझाबेथ केलॉग होत्या. सेंक्रसच्या सगळ्या जाती एकत्र आल्या, पण त्या पेनिसेटमच्या शेजारी नव्हे, तर पेनिसेटमच्या आत. म्हणजे पेनिसेटमच्या काही जाती इतर पेनिसेटमपेक्षा सेंक्रसच्या जास्त जवळच्या निघाल्या.

एखाद्या घराण्याची वंशावळ लिहिताना आजोबांच्या सगळ्या नातवंडांना एका आडनावाखाली घ्यायचं आणि मधल्याच एका मुलाच्या लेकरांना मात्र वेगळ्या घराण्यात टाकायचं, असं ते झालं होतं. प्रजाती म्हणजे एका पूर्वजाची सगळी वंशजं, एकही वगळायचा नाही, हा आजच्या वर्गीकरणाचा पाया आहे. तो पाळायचा तर दोन वाटा होत्या. पेनिसेटमचे बरेच तुकडे करायचे, ज्यांतल्या काहींना ओळखायला साध्या डोळ्यांना दिसणारं एकही लक्षण नाही. किंवा दोन्ही प्रजाती एक करायच्या. त्यांनी दुसरी वाट घेतली. सोबत पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातलं 'ओडोंटेलिट्रम' हे एकुलत्या एका जातीचं पाणथळीतलं गवतही आत घेतलं. आज बहुतेक वर्गीकरणतज्ज्ञ हे मान्य करतात, आणि मलाही यापेक्षा सरळ तोडगा दिसत नाही.

एकत्र केलेल्या प्रजातीला नाव कोणतं? इथं परत नामकरणाचा नियम. सेंक्रस 1753 चं, पेनिसेटम 1805 चं. जुनं नाव राहतं. पेनिसेटममध्ये सुमारे ऐंशी जाती आणि सेंक्रसमध्ये जेमतेम वीस-पंचवीस, तरीही. संख्या कितीही असो, तारीखच बघतात. त्यामुळे ऐंशीच्या घरात नावं एका फटक्यात बदलली. हत्तीगवत किंवा नेपियर 'सेंक्रस पुर्प्युरियस' झालं, दीनानाथ गवत 'सेंक्रस पेडिसेलॅटस', निलगिरीतल्या कुरणांतलं किकुयु गवत 'सेंक्रस क्लँडेस्टिनस'. अंजनचा वाद आपोआप मिटला. ते लिनियसनं ठेवलं होतं तिथंच राहिलं.

बाजरीला मात्र याची सगळ्यात जास्त झळ बसली, कारण पेनिसेटम या नावाचा मूळ आधारच ती आहे. प्रत्येक प्रजातीच्या नावाला एक जात जोडलेली असते. प्रजातीचे तुकडे झाले तर जुनं नाव त्या जातीबरोबर जातं. पेनिसेटमसाठी ती जात बाजरी. म्हणजे तुकडे करायची पहिली वाट घेतली असती तर बाकीच्या कितीतरी गवतांची नावं बदलली असती, बाजरीचं बदललं नसतं.

मग 'ग्लॉकम' घेऊन 'सेंक्रस ग्लॉकस' का केलं नाही? कारण ते नाव आधीच दिलेलं होतं, आणि तेही आपल्या देशात. तामिळनाडूतल्या एका कुरणाच्या गवताला मुदलियार आणि सुंदरराज यांनी 1950 च्या दशकात 'सेंक्रस ग्लॉकस' म्हटलं होतं. एका प्रजातीत एकच नाव दोघांना देता येत नाही, मग ते पहिलं गवत वेगळी जात म्हणून आज कुणी मानो न मानो. त्यामुळे लिनियसचं वयानं तितकंच जुनं दुसरं नाव उचलावं लागलं. 2010 साली मोरोने यांनी 'सेंक्रस अमेरिकॅनस' हे नाव छापलं. लॅटिनमध्ये सेंक्रस पुल्लिंगी असल्यानं 'अमेरिकॅनम'चा शेवट बदलला, एवढंच.

ही जवळीक आपल्या गोठ्यापर्यंत पोचलेली आहे. नेपियर उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेचं. पश्चिम आफ्रिकेतल्या डॅनिश वसाहतीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून शुमाखर यानं 1827 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि पुढे झिंबाब्वेतल्या बुलावायोच्या कर्नल नेपियरनं चाऱ्यासाठी त्याची शिफारस केली म्हणून ते नाव पडलं. बाजरीत गुणसूत्रं 14, नेपियरमध्ये 28. नेपियरच्या गुणसूत्रांतला निम्मा संच बाजरीच्या संचाशी मिळताजुळता आहे, म्हणूनच दोघांचा संकर होतो. 1950 च्या दशकात कोइमतूरला तो करून पाहिला आणि त्यातून पुढे हायब्रिड नेपियरची वाणं आली. संकराला बाजरीकडून 7 आणि नेपियरकडून 14 अशी 21 गुणसूत्रं मिळतात. बी धरायच्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि 21 ची नीट जोडी लागत नाही. म्हणून हायब्रिड नेपियर वांझ असतं आणि आपण ते दोन डोळ्यांच्या कांड्या किंवा ठोंब लावून वाढवतो. शेजाऱ्याकडून कांड्या मागून आणल्या तरी वाण जसंच्या तसं मिळतं ते याचमुळे. उलट बाजरीशी जवळच्या नात्याचा फायदा पैदासकारांना होतो: रोगाला दाद न देणारे गुण रानटी नातलगांतून बाजरीत आणता येतात, आणि कुणाकडून आणायचे याचा शोध वंशवृक्ष हातात असला की सोपा होतो.

तरीही बाजरीचे पैदासकार 2010 नंतरही बहुतांशी 'पेनिसेटम ग्लॉकम' लिहितात. 2017 साली बाजरीचा संपूर्ण जीनोम 'सेंक्रस अमेरिकॅनस' या नावानं प्रसिद्ध झाला, तरीही. यात अडाणीपणा नाही. बियाण्याचे कायदे, निर्यातीचे कागद, जनुकपेढीतल्या हजारो नमुन्यांच्या नोंदी, सगळं त्या नावावर आहे आणि ते रातोरात बदललं तर घोटाळे होतील. माझं म्हणणं एवढंच, की निदान मराठी पुस्तिकांत आणि चाऱ्याच्या पत्रकांत दोन्ही नावं शेजारी शेजारी छापावीत. आज एका पत्रकात अंजन 'सेंक्रस' आणि नेपियर 'पेनिसेटम' असं वाचून ती दोन वेगळ्या कुळांची गवतं असावीत, असा समज होतो.

आणि ज्याला बाजरीवर जुनं काही शोधायचं आहे, त्याला हा सगळा इतिहास रोजच्या कामाचा आहे. समजा गोसावी रोगाबद्दल वाचायचं आहे, ज्यानं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला संकरित बाजरीची शेतंच्या शेतं बसवली आणि कणसाच्या जागी पानांचे हिरवे गुच्छ आणले. संगणकावर 'पेनिसेटम ग्लॉकम' घालून शोधलं तर बहुतेक अलीकडचं काम हाती येईल. ती साथ प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांनी काय लिहून ठेवलं ते वाचायचं असेल तर 'पेनिसेटम टायफॉइडीज' घाला. त्यानंतरच्या दशकातल्या रोगप्रतिकारक वाणांच्या चाचण्यांसाठी 'पेनिसेटम अमेरिकॅनम'. मुंबई इलाख्यातली जुनी वाणं आणि लागवडीची वर्णनं 'टायफॉइडियम'खाली. रानटी नातलगांच्या वंशावळीसाठी 'सेंक्रस अमेरिकॅनस'. आणि 'सेटारिया ग्लॉका' दिसलं, तर ती बाजरी नव्हे. बांधावरचं पिवळ्या केसांचं तण आहे.